रेडकाचं पुस्तक

श्रावणातल्या पावसात वाडीवरच्या डोंगराचा एक लचका सुटला. माणसं वाचली, गुरं वाचली. गेली ती चंदनची भाताची दोन खाचरं आणि पोलादपूरला उतरणारा रस्ता. दुपारी जेवायला बसलेली माणसं आवाजानं बाहेर आली तेव्हा खाचरांच्या जागी नुसती लाल माती होती, आणि त्या मातीत एक साग उभाचा उभा. चंदन बराच वेळ त्या सागाकडं बघत राहिला. तो त्याच्या बांधावरचा नव्हताच. वरून कुठून तरी चालत आल्यासारखा येऊन उभा राहिला होता.

दिवाळी सरली तसं रस्त्याचं काम निघालं. उताराला दगडी भिंत घालायची होती. वाडीतल्या बाप्यांना वाटलं, चला, चार महिने दारातच काम. पण ठेकेदारानं विजापूरकडची आपली टोळी आणली. वळणावर निळ्या ताडपत्रीची सात पालं पडली आणि दिवस उगवल्यापासून घणांचा आवाज घाटात घुमायला लागला. चंदनला आठ दिवस घेतलं. नवव्या दिवशी मुकादमानं त्याला सगळ्यांदेखत थांबवलं.

"तू दगड उचलतोस, बसवत नायस," मुकादम म्हणाला. "उचलायला माज्याकडं बाया हायत."

चंदन पहार खांद्यावर टाकून घरी आला आणि उरलेल्या एका खाचरातल्या भाताच्या झोडणीला लागला. त्याची बायको निशिगंधा पेंढ्या बांधत होती. तिनं विचारलं नाही. तिला ते दुसऱ्या दिवशी रखमाकाकीकडून कळलं. रखमाकाकी अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी तिच्या हातची आणि वाडीतल्या बातम्याही तिच्याच तोंडच्या.

"बाया हायत म्हनं," रखमाकाकी डेचकी घासत म्हणाली. "आपल्या बाप्यापरास त्यांच्या बाया भारी."

निशिगंधाच्या मानेत भाताचं कूस अडकलेलं होतं. ती ते काढत राहिली. मान लाल झाली तरी काढत राहिली.

अंगणवाडीची सेविका आयशाताई पोलादपूरची. दोन वाड्यांचा भार तिच्यावर, म्हणून इथं आठवड्यातून तीन दिवस यायची. त्या वर्षी कुठल्याशा संस्थेनं अंगणवाडीला चित्रांच्या पुस्तकांची पेटी दिली होती. शनिवारी पोरानं एक पुस्तक घरी न्यायचं, आईबापानं ते त्याला मांडीवर घेऊन वाचायचं, सोमवारी परत आणायचं. आयशाताई बायकांना सांगायची, "माझे मिस्टर कतारला आहेत. आदिल दोन वर्षांचा होता तेव्हा गेले. ते फोनवरून वाचतात, मी इकडं पान उलटते. तुमची तर माणसं घरात आहेत. दहा मिनिटं काढा."

बायका पदराआड हसायच्या. निम्म्याजणींना सहीपुरतंच येत होतं. निशिगंधाचं तसं नव्हतं. ती महाडला मामाकडं राहून बारावी झालेली. अडखळल्याशिवाय वाचणारी वाडीतली ती एकच सून. खाचरं गेली, नवऱ्याला कामावरून काढलं, सासू उठता-बसता दरडीच्या नावानं बोटं मोडायची. पण शनिवारी मनवा पुस्तक घेऊन आली की निशिगंधाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. ती हात धुऊन, पदर खोचून पडवीत बसायची आणि चार वर्षांच्या मनवाचं बोट धरून अक्षरावर ठेवायची.

"हे काय? र ला मात्रा रे. ड. क ला दीर्घ ऊकार कू. म्हण."

"रेडकू," मनवा चित्राकडं बघून म्हणायची.

"चित्र बघून नको. इकडं बघ."

मनवाचं बोट चित्राकडं सरकायचं. निशिगंधा ते परत अक्षरावर आणायची. तिसऱ्यांदा सरकलं की एक चापट बसायची, जोराची नाही, पण बसायची. मग मनवाला झोप यायची. निशिगंधा पुस्तक मिटायची आणि आयशाताईच्या वहीत लिहून द्यायची : संपूर्ण वाचले.

पालांवरच्या बायकांनी पोरं अंगणवाडीत पाठवली नव्हती. पण आयशाताई स्वतः वळणावर जाऊन तीन पोरं घेऊन आली. त्यातली एक रेणी, मनवाएवढीच, केसांना तेल नसलेली, डोळे मात्र काजळानं भरलेले. तिची आई नीलव्वा. उंच, काटक, डोक्यावर चुंबळ ठेवून एवढाले दगड नेणारी. मुकादम ज्या बाया म्हणाला त्यातली ही एक, हे निशिगंधानं पहिल्या दिवशीच ओळखलं.

एका शनिवारी आयशाताईनं आयांना बोलावलं. प्रत्येकीनं एक पुस्तक पोरांना वाचून दाखवायचं. निशिगंधाला पहिली उभी केली. तिनं 'रेडकू हरवलं' हे पुस्तक घेतलं आणि शाळेत कविता म्हणायची तसं, एकही शब्द न चुकता वाचलं. आयशाताई म्हणाली, "उच्चार बघा किती स्वच्छ आहेत." बायकांनी माना हलवल्या. पोरं खिचडीच्या वासाकडं बघत होती.

मग आयशाताईनं तेच पुस्तक नीलव्वाच्या हातात दिलं. नीलव्वा दुपारच्या सुट्टीत आलेली, हातापायांवर दगडाची भुकटी. तिनं पुस्तक आधी उलटं धरलं. कुणीतरी खुदकन हसलं. तिनं ते सुलटं केलं आणि खाली फतकल मारून बसली.

"मला नाय येत ताई," ती म्हणाली. "बघून सांगते."

आणि तिनं सांगितलं. निम्मं कानडी, निम्मं मराठी, थोडं हिंदी. रेडकू हरवलं तिथं पदर दोन्ही हातांनी डोक्यावर कानांसारखा धरला. म्हैस त्याला शोधायला लागली तेव्हा नीलव्वा अशी रेकली की मागं बांधलेल्या म्हशीनं वळून बघितलं. नदीचं पान आलं तेव्हा ती गुडघ्यांवर पुढं सरकली. कुत्र्याचं चित्र आलं. तिनं बोट ठेवून म्हटलं, "नायि."

"कुत्रा हाय," एक पोरगं म्हणालं.

"नायि," नीलव्वा म्हणाली.

"हाय," सगळी पोरं ओरडली.

"आमच्यात कुत्र्याला नायि म्हणतात," ती हसली, आणि मग पोरं थांबेनात. हाय, नाय, हाय, नाय. त्या गोंधळात मनवा उठली, सगळ्यांना ओलांडून गेली आणि नीलव्वाच्या दुसऱ्या मांडीवर, रेणीच्या शेजारी बसली. त्या भुकटीनं भरलेल्या दंडाला तिनं हात लावला आणि म्हणाली, "परत सांग."

निशिगंधा दाराजवळ उभी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, तरी तिनं मान फिरवली.

घरी आल्यावर मनवानं आणलेलं तेच पुस्तक उघडलं गेलं. "र ला मात्रा," निशिगंधानं सुरुवात केली.

"तशी नाय," मनवा म्हणाली. "रेणीच्या आयसारखी वाच."

"तिला वाचता येत नाय."

"येतंय. तुला नाय येत."

या वेळी चापट जोराची बसली. चंदन झोडलेलं भात वारवत होता. त्यानं सूप थांबवलं, बघितलं आणि परत वारवायला लागला.

सोमवारी निशिगंधा वालाच्या शेतात खुरपायला गेली. मनवाला सासूनं, अंबूबाईनं, अंगणवाडीत सोडलं. बुधवारी आयशाताईनं वही काढली. "मनवाचं पुस्तक आलं नाही."

"आलंय की," निशिगंधा म्हणाली. "सोमवारीच दिलं."

तिनं स्वतःच्या हातानं दिलं नव्हतं. पण घरात पुस्तक नव्हतं, म्हणजे दिलंच असणार. पेटी उपसली. अकरा पुस्तकं भरली. बारावं नव्हतं.

"सोमवारी शेवटी कोण गेलं?" रखमाकाकीनं विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "रेणी. तिला न्यायला तिची आय उशिरा आली व्हती."

आयशाताई म्हणाली, "असं लगेच कुणाचं नाव नको घ्यायला. शोधू या."

तिथं गप्प बसता आलं असतं. निशिगंधाला पुढं कितीदा तरी वाटलं, की तिथं आपण नुसतं गप्प बसायचं होतं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "तिलाच तर ते पुस्तक आवडलं होतं. रेकून दाखवलंन. अजून कोण नेणार?"

एवढं पुरलं. आयशाताई दुसऱ्या वाडीला गेली आणि दुपारी सहासात बायका वळणाकडं निघाल्या. निशिगंधा पुढं होती. पुढं राहायचं तिनं ठरवलं नव्हतं. बाकीच्या अर्धं पाऊल मागं चालत होत्या, त्यामुळं तीच पुढं झाली.

भिंतीवर काम चालू होतं. नीलव्वा घमेलं उतरवून आली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मी नाय घेतलं ताई."

"मग बघू दे," रखमाकाकी म्हणाली.

मुकादम वैतागला होता. वाडीच्या लोकांशी त्याला कटकट नको होती, पाणी वाडीच्या झऱ्याचं होतं. तो नीलव्वावर खेकसला, "दाव की. दावायला काय जातंय?"

नीलव्वानं पालाचा पडदा वर केला. आत वाकून जावं लागत होतं. निशिगंधा वाकली. चूल, दोन गोधड्या, पिठाचा डबा, दोरीवर लहान झगा. पत्र्याची पेटी होती. नीलव्वानं ती उघडली नाही, बाजूला उभी राहिली. निशिगंधानं कडी काढली. एक हिरवं इरकली लुगडं, घडीवर घडी घातलेलं, कधीच न नेसलेलं असावं. त्याखाली आधारकार्डांची पिशवी, देवीचा फोटो, रेणीचे चांदीचे वाळे. निशिगंधानं लुगडं उचललं तेव्हा त्याची घडी मोडली. तिनं गोधड्या झटकल्या. पिठाच्या डब्यातसुद्धा रखमाकाकीनं हात घातला. बाहेर भिंतीवरची माणसं घण टेकवून बघत होती. रेणी पालाच्या तोंडाशी उभी होती आणि नीलव्वा तिच्याशी तिच्या भाषेत हळू काहीतरी बोलत होती.

पुस्तक मिळालं नाही.

"कुठं तरी लपवलं असेल," परत येताना कुणीतरी म्हणालं. लुगडं निशिगंधानं परत घडी घालून ठेवलं होतं, पण घडी पहिल्यासारखी बसली नव्हती. हाताला त्याचा मऊपणा लागून राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून मुकादमानं टोळीची पोरं अंगणवाडीत पाठवायची बंद केली.

वालाला फुलोरा धरायला लागला. सकाळी घाटात धुकं उतरायचं आणि हातापायांना भेगा पडायच्या. एका सकाळी सासू म्हणाली, म्हशीच्या गव्हाणीत कुबट वास येतोय, सगळं काढ. म्हैस दसऱ्याला व्यालेली, रेडकू शेजारीच बांधलेलं. निशिगंधानं म्हशीला बाजूला सारलं आणि गव्हाणीतला कुजलेला पेंढा हातांनी उपसायला लागली. तळाशी जाड, ओलं काहीतरी लागलं. तिनं ओढलं. निम्मं पुस्तक होतं. कडा चावून लगदा झालेला, मधली पानं एकमेकांना चिकटलेली. वरच्या पानावर रेडकाचे मागचे दोन पाय आणि शेपटी शिल्लक होती.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. शेणाचं पाणी तिच्या टाचेखालून वाहत होतं.

मनवा गोठ्याच्या उंबऱ्यावर आली. आईच्या हातात काय आहे ते बघितलं आणि परत वळायला लागली.

"इकडं ये," निशिगंधा म्हणाली. "तू ठेवलंस?"

मनवा उभ्या उभ्या झग्याचं टोक चावायला लागली. "रेडकाला वाचत होते. रेणीच्या आयसारखं. पदर नव्हता म्हणून फडकं घेतलं. मग म्हशीनं वडलं."

"मला का नाय सांगितलं?"

"तू मारतेस."

निशिगंधानं हात पुढं केला तसं मनवानं डोळे घट्ट मिटले आणि खांदा वर केला. निशिगंधाचा हात तिच्या केसांकडं चालला होता. तो मधेच थांबला.

अंबूबाईनं पुस्तक बघितलं आणि चुलीकडं बोट दाखवलं. "घाल आत. कुनी बघितलंय?"

"आई, त्या बाईची पेटी उघडली मी."

"ती काय हितं ऱ्हायाची हाय? भिंत झाली की जातील. आपल्याला हितं मरायचंय. रखमी वाडीभर सांगत फिरंल."

चंदननं रात्रीच्या भाकरीला बसताना तेवढंच विचारलं, "तेच हाय का?" ती हो म्हणाली. त्यानं पुढचा घास घेतला नाही. "मुकादमानं मला काढलं तेव्हा," तो म्हणाला, "त्या बाईनं माजी पहार उचलून दिलीन. बाकी सगळे हसत व्हते." मग तो जेवला.

निशिगंधानं पुस्तक चुलीत घातलं नाही आणि बाहेरही काढलं नाही. भाताच्या कणगीमागं कोंबून ठेवलं. तीन दिवस ती शेतात गेली, पाणी आणलं, दूध काढलं. झऱ्यावर एक बाई म्हणाली, "बरं केलंस गो, तू पुढं झालीस. नाय तर पुस्तकांची पेटीच रिकामी केली असती त्यांनी." निशिगंधाची कळशी भरून वाहत होती तरी ती धरून उभी राहिली. भिंतीवरून घणांचा आवाज यायचा, आणि प्रत्येक घावाला तिला वाटायचं, तीच मारत असेल.

चौथ्या दिवशी शनिवार होता. तिनं ते पुस्तक फडक्यात गुंडाळलं आणि अंगणवाडीत आयशाताईच्या पुढ्यात ठेवलं. सगळ्या आया बसलेल्या होत्या.

"आमच्या गव्हाणीत होतं," ती म्हणाली. "मनवानं नेलं होतं. त्या बाईनं नाय घेतलं. मी उगाच तिचं नाव घेतलं."

मग रखमाकाकी पुढं वाकून पुस्तकाकडं बघायला लागली. "म्हशीनं खाल्लंन," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. "आता तुजी म्हस बारावी व्हनार गो." बायका हसल्या. एकीनं विचारलं, दूध वाढलं का. पोरंही हसायला लागली, मनवासुद्धा. निशिगंधाला वाटलं होतं, या आपल्या तोंडावर थुंकतील. कुणी थुंकलं नाही. त्यांच्या लेखी ती गोष्ट तिथंच, हसण्यावारी संपली, आणि पिठाच्या डब्यात घातलेला हात रखमाकाकीनं खिचडीच्या डावाला लावला.

आयशाताई हसली नव्हती. ती ओल्या पानांवरून बोट फिरवत होती. "मला सांगून काय होणार निशिगंधा," ती हळू म्हणाली. "झडती माझी नव्हती झाली. त्यांचं काम संपलंय. उद्या टेंपो येतोय म्हणतात."

निशिगंधा वळणावर पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भिंत पुरी झाली होती. दगडाला दगड असा बसलेला की मध्ये सुरीचं पातं जाणार नाही. चार पालं उतरली होती, तीन उभी होती. माणसं घण, छिन्न्या, पहारी गोणपाटात बांधत होती. तिला बघून त्यांचे हात थांबले, झडतीच्या दिवशी थांबले होते तसेच. तिला त्या सगळ्यांच्या मधून चालत जावं लागलं.

नीलव्वा घमेली एकात एक घालत होती. निशिगंधानं पुस्तक पुढं केलं.

"आमच्याकडं होतं," ती म्हणाली. "पोरीनं म्हशीपुढं नेलं. तुझ्यासारखं वाचायला."

नीलव्वानं पुस्तक घेतलं. चिकटलेलं पान नखानं सोडवलं, बघितलं. बगळ्याचं अर्धं चित्र होतं. तिनं ते परत दिलं.

"चुकलं माझं," निशिगंधा म्हणाली. "मी बघितलं नव्हतं, तरी बोलले. तुझी पेटी..."

"व्हय," नीलव्वा म्हणाली. "तू उघडली."

एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. तिनं पुढचं घमेलं उचललं, आतली सुकलेली माती ठोकून पाडली. निशिगंधा उभी राहिली. काय केलं म्हणजे इथून जाता येईल ते तिला कळेना. भिंतीच्या टोकाला रेणी एकटीच खडे मांडत बसली होती.

"मी तिला सांगते," निशिगंधा म्हणाली. "तिच्यादेखत झालं सगळं. तिची माफी मागते."

नीलव्वानं पहिल्यांदाच झटकन वर बघितलं. "नको."

"का?"

"तिला म्हाईत नाय." नीलव्वानं आवाज खाली आणला. "तिला वाटतंय, तुमी पाव्हनं आला. मी सांगितलं तसं. मनवाची आय आली, सगळ्या बाया घिऊन आली, आपलं घर बघायला. पेटीतलं लुगडं बघायला. लई खूश झाली. आमच्याकडं कोन येत नाय." ती थांबली. "तू आता माफी मागशील, मंग ती इचारंल, कशाची."

तेवढ्यात रेणीनं निशिगंधाला बघितलं. खडे टाकून ती उठली, धावत आपल्या पालात शिरली, आत भांड्यांचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पितळी पेला होता. पाणी सांडू नये म्हणून जीभ ओठांत धरून ती हळूहळू चालत आली. पेला निशिगंधाच्या हातात दिला, मागं जाऊन एक गोणपाट ओढत आणलं, निशिगंधापुढं पसरलं आणि त्यावर हात आपटून बस म्हणून खूण केली.

निशिगंधानं नीलव्वाकडं बघितलं.

"बस," नीलव्वा म्हणाली. "पानी पी."

ती बसली. चघळलेलं पुस्तक तिनं पदराखाली घेतलं, रेणीला दिसू नये म्हणून. सगळी टोळी बघत होती. पाण्याला पिंपाचा वास होता. तिनं पेला तोंडाला लावला आणि खाली न ठेवता, शेवटच्या घोटापर्यंत प्याली, कारण रेणी समोर बसून तिच्या घशाकडं टक लावून बघत होती.

रेणीनं पेला घेतला. पाव्हणीला अजून काय द्यावं ते शोधत तिनं आईकडं बघितलं, पालाकडं बघितलं. मग अंगणवाडीत ऐकलेला एक शब्द तिला सापडला.

"अजून?" तिनं विचारलं.

निशिगंधाला मान हलवता आली नाही. रेणीला ते होच वाटलं. ती पेला घेऊन पिंपाकडं धावली.